उलट्या वळणाचा शंख

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असं इथली माणसं सहज सांगतात. एक काळा, एक पांढरा. रत्नदुर्गाचा डोंगर मध्येच समुद्रात घुसला आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवीचा काळपट वाळूचा किनारा, उत्तरेला मिऱ्याच्या अंगाचा पांढरा समुद्र. काळा रंग इल्मेनाइट नावाच्या जड खनिजाचा. खडक झिजून ते वाळूत येतं आणि वजनामुळे लाटांबरोबर दूर जात नाही, किनाऱ्यालाच साचून राहतं. पांढऱ्या बाजूला वाळू ओंजळीत घेतली तर शिंपल्यांचा चुरा डोळ्यांनी दिसतो.

शंखशिंपले जमवणाऱ्याने इथे यायचं ते तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे कातळ उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि आमच्यासारख्यांचा दिवस फुकट जातो. आम्ही पौर्णिमा धरून आलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि शंख कसा बघायचा हे मला शिकवलं ते त्यांनीच.

मांडवीच्या ओल्या वाळूत अण्णांनी पहिल्यांदा मला जे उचलायला लावलं त्याची किंमत शून्य आहे. अंबोनियम नावाचा चपटा, गुळगुळीत, सदऱ्याच्या बटणाएवढा शंख. कोकणच्या वाळूत हा ढिगाने सापडतो. मूठभर घेऊन तळहातावर पसरला की कळतं, दोन शंखांवरची नक्षी एकसारखी नाही. कुणी गुलाबी, कुणी राखाडी, कुणावर तपकिरी पट्टे, कुणावर बारीक ठिपके. पण एक गोष्ट सगळ्यांची एकच. वळण. टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा, तोंड उजवीकडेच येणार. अण्णा म्हणाले, "शंभर बघ. मग आपण पावसच्या रस्त्याला जाऊ." त्या रस्त्याला एका घरी जे बघायला आम्ही आलो होतो, ते समजायला हे शंभर बघणं भाग होतं. दुर्मिळ वस्तू बघून माणूस का हलतो, याचं उत्तर मला त्या मूठभर फुकटच्या शंखांत मिळालं, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात केली.

पण त्या घराआधी बंदर आणि संग्रहालय.

मिरकरवाडा हे कोकणातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. ट्रॉलरचं जाळं समुद्रतळ खरवडत येतं, त्यामुळे माशांबरोबर तळावरचं सगळंच वर येतं. म्हाकूल, कोळंबी, बांगडा निवडून झाला की जेट्टीवर जो कचरा उरतो, तो आमचा खजिना. पांढऱ्यावर तपकिरी डागांची बॅबिलोनिया, अंगावर काटे असलेली बर्सा, लांब शेपटीचे म्युरेक्स. एका तांडेलाला विचारलं, कधी उलट्या तोंडाचा शंख मिळाला का? तो लगेच म्हणाला, "आमच्या बापाच्या वेळेपासून ऐकतो. बघितला नाय." प्रश्न त्याला समजावून सांगावा लागला नाही. उलटं तोंड म्हणजे काय, हे रोज जाळं उपसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, कारण सुलटी तोंडं त्याच्या हाताखालून हजारोंनी गेलेली असतात.

सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं संग्रहालय आणि मत्स्यालय बंदरापासून फार लांब नाही. १९५८ साली सुरू झालेलं हे केंद्र आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. इथे येणारा प्रत्येक जण सुमारे ५५ फूट लांबीच्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबतो, आणि थांबायलाच हवं. शाळेची मुलं त्याच्या बरगड्या मोजत होती. अण्णा मात्र सांगाड्याला बगल देऊन थेट शंखशिंपल्यांकडे गेले. काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन, हात पाठीशी बांधून उभे राहिले. संग्राहक बघतो कसा, हे बघण्यासारखं असतं. तो आधी नाव वाचत नाही. आधी वस्तू, मग मनातलं नाव, आणि शेवटी चिठ्ठी. तिन्ही जुळलं की मान किंचित हलते.

तिथेच अण्णांनी मला कोनस ग्लोरियामारिसची गोष्ट पुन्हा सांगितली. शंख जमवणाऱ्यांच्या जगात या एका शंखाने जेवढी माणसं वेडी केली, तेवढी दुसऱ्या कुणी केली नसतील. नावाचा अर्थ सागराचं वैभव. १७७७ साली केम्निट्झने त्याचं वर्णन छापलं, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं जगात त्याचे मोजकेच नमुने माहीत होते. ह्यू कमिंग हा मूळचा शिडं शिवणारा इंग्रज कारागीर. पैसे साठवून त्याने स्वतःची बोट बांधली आणि उरलेलं आयुष्य शंख गोळा करण्यात घालवलं. १८३०च्या दशकात फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर, हाग्ना गावाच्या कातळावर ओहोटीच्या वेळी त्याने एक दगड उलटला आणि खाली ग्लोरियामारिस दिसले. आनंदाने आपल्याला भोवळ यायची बाकी होती, असं त्याने पुढे सांगितल्याची नोंद आहे. कमिंगचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली ब्रिटिश म्युझियमने ६,००० पौंडांना घेतला. त्यात ८०,००० हून अधिक नमुने होते. इतके शंख हाताखालून घातलेल्या माणसाचे पाय एका शंखाने लटपटावेत, हे मला फार खरं वाटतं. नवशिक्याने तो शंख सुंदर म्हणून खिशात टाकला असता आणि पुढे गेला असता.

याच शंखाची दुसरी कथा काळीज कापणारी आहे. आपल्याजवळचा नमुना एकमेव राहावा म्हणून एका धनिक संग्राहकाने लिलावात आलेला दुसरा नमुना विकत घेतला आणि तिथल्या तिथे पायाखाली चिरडला, असं सांगितलं जातं. कथा खरी असल्याचा पुरावा नाही. तरीही ती दोन शतकं टिकली, कारण संग्राहकांना तिच्यातला मोह ओळखीचा वाटतो. १९५१ साली न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी संग्रहालयातला ग्लोरियामारिस प्रदर्शनातून चोरीला गेला, ही मात्र खरी गोष्ट. मग १९६९ साली सॉलोमन बेटांजवळ पाणबुड्यांना त्याची वस्तीच सापडली. एकदम शंभराहून अधिक नमुने वर आले आणि भाव कोसळले.

अण्णांनी तो पाहिला तो भाव कोसळल्यानंतर कितीतरी वर्षांनी, परदेशातल्या एका संग्रहालयात. तोवर त्याचं चित्र त्यांना इतकं पाठ होतं की डोळे मिटून काढता आलं असतं. "पहिल्यांदा वाटलं, एवढाच?" ते म्हणाले. "मी तो मनात फार मोठा करून ठेवला होता. मग जवळून बघितलं. त्या अंगावर सोनेरी-तपकिरी रेघांचे त्रिकोण असतात ना, एकावर एक, टोकापासून तोंडापर्यंत, ते चित्रात दिसतात त्याच्या दहापट बारीक आहेत. छापताना ते एकमेकांत मिसळून जातात. ते वेगळे दिसले तेव्हा माझ्या घशाशी आलं." भाव पडलेल्या वस्तूबद्दल हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. १९६८ मधला ग्लोरियामारिस आणि १९७० मधला ग्लोरियामारिस यांत एका रेघेचाही फरक नाही. ज्यांचा आनंद तेवढ्यात ओसरला, त्यांनी शंख कधी बघितलाच नव्हता, असं अण्णांचं ठाम मत आहे आणि माझंही तेच झालं आहे.

आपल्या समुद्राचाही एक असा मानकरी आहे, आणि मराठी माणसाला तो ठाऊक असायला हवा. कोनस मिल्नेएडवर्डसी, ज्याला संग्राहक भारताचं वैभव म्हणतात. सडपातळ अंग, पायऱ्यापायऱ्यांनी उंच गेलेलं शिखर, पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी जाळी. शास्त्रीय वर्णन प्रथम १८९४ साली झालं, एडनच्या आखाताकडच्या नमुन्यावरून. आणि जवळपास त्याच काळात मुंबईच्या समोर, किनाऱ्यापासून दूर, ४५ फॅदम म्हणजे साधारण ८२ मीटर खोलीवर याचे नमुने वर आले. समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या केबलची देखभाल करणारे एफ. डब्ल्यू. टाउनसेंड हाताशी येतील ते शंख जपून ठेवत. त्यांनी दिलेल्या या शंखाला मेल्विल आणि स्टँडन यांनी १८९९ साली वेगळं नाव देऊन जगापुढे आणलं. ती जाती आधीचीच, हे पुढे ठरलं. केबल दुरुस्त करायला गेलेल्या माणसाने चिखलातून आलेला शंख फेकून दिला नाही, एवढ्यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. तो आज वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. २००१ साली आपल्याकडे शंखशिंपल्यांच्या २४ जाती या कायद्याच्या कक्षेत आल्या, त्यांतल्या ९ सर्वांत कडक परिशिष्टात. त्या नऊंत हा आहे.

दुपारी थिबा राजवाडा. इथे शंख नाहीत, पण दुर्मिळ वस्तूच्या मागे लागलेल्या माणसांना ही वास्तू टाळता येत नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी पदच्युत केलं, मद्रासमार्गे १८८६ साली रत्नागिरीला आणलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. हा वाडा १९१० साली पुरा झाला, म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली शेवटची काही वर्षंच त्याला इथे मिळाली. मंडालेहून निघताना त्याचं न्गा मौक नावाचं प्रसिद्ध माणिक कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याच्या हाती गेलं आणि मग कुणालाच दिसलं नाही. राजा रत्नागिरीहून त्याबद्दल सरकारला लिहीत राहिला. राजघराण्याची इतर काही राजचिन्हं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती, ती १९६४ साली ब्रह्मदेशाला परत मिळाली. माणिक नाही. वाड्याच्या गच्चीवजा सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र एकदम दिसतात. मी तिथे उभी राहून विचार करत होते की आम्हा संग्राहकांना वस्तू मिळाली नाही तरी निदान एकदा बघायला मिळावी असं वाटतं. या माणसाने ती रोज बघितली होती, आणि मग तीस वर्षं बघितली नाही.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. वाडीचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. जांभ्याच्या पायऱ्या, शेणाने सारवलेलं खळं, पडवीत झोपाळा. आजींनी आधी तांब्याभर पाणी आणि कोकम सरबत दिलं. मग अण्णांना विचारलं, "आंघोळ झाल्येय ना तुमची?" झाली होती. तरी अण्णांनी विहिरीवर जाऊन हातपाय धुतले.

देवघरात दोन शंख होते. एक रोजच्या पूजेचा, अडणीवर ठेवलेला, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेला. दुसरा आजींनी लाकडी पेटीतून, जुन्या रेशमी कापडातून काढला. वाजवायचा नाही, फक्त सणाला अभिषेकाला घ्यायचा, अशी घरची रीत. सासऱ्यांच्या वडिलांनी रामेश्वराहून आणला, एवढं त्यांना ठाऊक. हे ऐकून अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रामेश्वर मन्नारच्या आखाताच्या काठाशी आहे. देशातल्या पूजेच्या शंखांचा सगळ्यांत मोठा पुरवठा शतकानुशतकं तिथूनच होत आला. मद्रासच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या शंखावर एक सबंध ग्रंथ लिहिला, तो बराचसा त्याच पाण्यातल्या मासेमारीवर.

आजींनी दोन्ही शंख पाटावर शेजारी शेजारी ठेवले.

माझं काय झालं ते नीट सांगायचा प्रयत्न करते. पहिल्या क्षणी दुर्मिळ काही बघतोय असं वाटलंच नाही. काहीतरी चुकलंय असं वाटलं. डोळा सवयीने डावीकडून वळण घेत टोकाकडे जायला निघाला आणि अडला. डाव्या बाजूला जिथे पाठ असायला हवी तिथे तोंड होतं. मी पुन्हा वरून सुरुवात केली, पुन्हा अडले. मग शेजारच्या साध्या शंखाकडे बघितलं आणि एकदम उमगलं की हे एकमेकांचं आरशातलं रूप आहे. तेव्हा अंगावर काटा आला. सकाळची मूठ आठवली. त्यातला एकही असा नव्हता. मिरकरवाड्याच्या ढिगात एकही नव्हता. लाखो शंखांमागे एखाद-दुसरा असा निघतो, हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं. तो आकडा मला पहिल्यांदा कळला तो त्या पाटासमोर.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी शंख उचलला नाही, पाटावरच हलकेच फिरवला आणि करंगळी तोंडातून आत घालून मधल्या खांबावरून फिरवली. "घाल बोट," मला म्हणाले. आत आडव्या, ठळक, उंचवट्यासारख्या घड्या लागल्या. एक, दोन, तीन. हीच खरी खूण. आपला पूजेचा शंख, शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, याच्या मधल्या खांबावर अशा तीन-चार घड्या असतात, मग वळण कोणतंही असो. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे विकलं जातं त्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, विजेच्या रेघा अंगावर असलेला एक वेल्क पुष्कळदा असतो. तो जातीनेच डाव्या तोंडाचा आहे, त्यामुळे त्याच्यात दुर्मिळ असं काही नाही. त्याच्या खांबावर या घड्या नसतात. करंगळी घालून बघणाऱ्याला कुणी फसवू शकत नाही.

उजवं-डावं यात एक घोळ नेहमी होतो तोही इथेच सांगते. शास्त्रज्ञ टोक वर धरून बघतात, म्हणून त्यांच्या भाषेत हा डावखुरा. पुजारी शंख पाण्यासाठी धरतात तो उलट, निमुळती पन्हळ पुढे करून, म्हणून आपल्याकडे तो दक्षिणावर्ती. वस्तू एकच.

असा शंख होतो कसा? गोगलगायींच्या वर्गात वळण ठरतं ते गर्भ अगदी मोजक्या पेशींचा असतानाच, चाराच्या आठ पेशी होताना त्या कोणत्या बाजूला कलतात यावर. आणि १९२३ साली गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर झालेल्या कामातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. पिल्लाचं वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवर ठरत नाही, आईच्या जनुकांवर ठरतं. आईने अंड्यात जे भरून दिलं, तेच पेशींना कल देतं. त्यामुळे एखादा बदल एक पिढी दडून राहतो आणि पुढच्या पिढीत दिसतो. शिवाय उलट्या वळणाच्या जीवाला सुलट्या वळणाचा जोडीदार शरीराने जुळत नाही, म्हणून त्याचा वंश वाढणं कठीण. आजींना हे अण्णांनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आईकडून आलंय होय ते." त्यांना ते पटलं.

आजींचा नातू शहरात नोकरीला असतो, सुट्टीसाठी आला होता. त्याने जो प्रश्न विचारला तो कुणीही विचारील. किती मिळतील? अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. जुन्या काळी असा शंख सोन्याच्या वजनाने जायचा असं सांगतात, हे त्यांनी सांगितलं. आज खरा कोणता हे ओळखणारे कमी आणि खोटं विकणारे जास्त, त्यामुळे भाव म्हणून जो आकडा कानावर येतो त्याला अर्थ नाही, हेही सांगितलं. मग आपल्या झोळीतून व्हर्नियर आणि छोटा तराजू काढला. लांबी, रुंदी, वजन, घड्या किती, टोक शाबूत आहे की नाही, रामेश्वराहून कुणी आणला, साधारण कोणत्या पिढीत. सगळं नातवाच्याच हाताने एका वहीत लिहून घेतलं आणि वही पेटीत ठेवायला लावली. "विकायचा की नाही ते तुम्ही ठरवा," म्हणाले, "पण ही वही शंखापासून वेगळी करू नका."

हे काम मला फार मोलाचं वाटतं. संग्रहालयातल्या नमुन्याला चिठ्ठी असते म्हणून तो शंभर वर्षांनीही बोलतो. कोकणातल्या देवघरांत, माळ्यांवर, पेट्यांत यात्रेहून आलेल्या किती वस्तू अशा मुक्या पडून आहेत! त्यांची माहिती एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत असते आणि त्या माणसाबरोबर जाते. नातवाला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. तरी तो वही मिटल्यावर रोजच्या पूजेचा शंख घेऊन पडवीत बसला आणि त्याच्या आत बोट घालून घड्या मोजू लागला. त्यातही तीनच होत्या.

कुणाला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जावं आणि पौर्णिमा-अमावास्येनंतरचा एखादा दिवस धरावा. ओहोटीची वेळ बंदरावर कुणालाही विचारली तरी बरोबर सांगतील. मांडवी आणि पांढरा समुद्र दोन्ही एकाच दिवशी बघून वाळूतला फरक हातात घेऊन बघावा. जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलू नये. कोनस जातीच्या जिवंत शंखाला तर हातच लावू नये, त्याचा दंश विषारी असतो. कातळावरचा दगड उलटला तर बघून झाल्यावर होता तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात. गणपतीपुळ्याला आणि मालवणला दुकानांत मोठे चकचकीत शंख मांडलेले दिसतात, त्यांतले बरेचसे आपल्या किनाऱ्याचे नसतात आणि काही कायद्याने विकताही येत नाहीत. ओळखायला पुस्तक हवं असेल तर मुंबईच्या बीएनएचएसने १९९८ साली काढलेलं दीपक आपटे यांचं भारतीय शंखशिंपल्यांवरचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण छायाचित्रांसाठी तरी जवळ ठेवावं. आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना आधी देवमासा दाखवावा, मग वाळूतले बटणाएवढे शंख वेचायला बसवावं आणि प्रत्येकाचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते बघायला सांगावं.